कॅन्युला बनवताय? मग या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

सलाइन द्यायला हाताच्या शिरेत लावतात ती कॅन्युला बनवताना आमच्या टीमने पहिले आठ महिने सुईच्या टोकावर घालवले. म्हणजे अक्षरशः टोकावर. टोकाचा उतार किती अंशाचा ठेवायचा, कातडीत शिरताना किती जोर लागतो, सिलिकॉनचा हात किती पातळ मारायचा, रक्त मागे किती पटकन दिसतं, सगळं मोजून झालं, ग्राफ काढले, आणि मग एकदाचे पुण्यातल्याच एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात दाखवायला गेलो तर तिथल्या इनचार्ज सिस्टरनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे हो दादा, पण टोचायला मला येतंय. ही उद्या सकाळपर्यंत टिकेल का ते सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण आम्ही उद्या सकाळचा विचारच केला नव्हता!

खरं तर हे सगळ्यांना माहीत असायला हवं. हाताच्या शिरेत लावलेल्या साध्या कॅन्युलांपैकी साधारण ३५ ते ५० टक्के उपचार पूर्ण व्हायच्या आधीच निकामी होतात असं अभ्यासांमधून पुढे आलंय. कुठे शीर सुजते, कुठे औषध बाहेर झिरपून हात टम्म फुगतो, कुठे ब्लॉक होते, कुठे नुसतीच निघून येते. वॉर्डाच्या भाषेत "आउट गेली". टोचायचं काम मिनिटभराचं असतं आणि आउट जायला पुढचे तीन-चार दिवस पडलेले असतात, तरी कॉलेजच्या प्रोजेक्टपासून स्टार्टअपपर्यंत ज्याला त्याला सुईच भारी करायची असते. टोचणं डेमोत दिसतं ना, टिकणं दिसत नाही.

आणि एक, वॉर्डात जाऊन कॅन्युला कॅन्युला करू नका, तिथे ती इंट्राकॅथ असते नाहीतर व्हेनफ्लॉन, आणि नातेवाइकांसाठी नुसती "सुई". म्हणून तर पेशंट हात लाकडासारखा ताठ धरून बसतात, त्यांना वाटतं आत सुई आहे. आत फक्त मऊ नळी राहते, सुई कधीच काढलेली असते. सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवून शिरेत सोडायची ही आयडिया १९५० साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा नावाच्या भूल शिकणाऱ्या डॉक्टरने काढली. आजची कॅन्युला मुळात तीच.

मटेरियल डेटाशीटवरून ठरवू नका

आम्ही पहिल्यांदा पीटीएफई घेतलं, म्हणजे आपलं टेफ्लॉन. गुळगुळीत, रक्त चिकटत नाही, नाव ओळखीचं. पण ते ताठ असतं आणि एकदा मुडपलं की मुडपलं, परत सरळ येत नाही. पेशंटने मनगट वाकवलं की नळी हबमधून (म्हणजे मागच्या प्लॅस्टिकच्या भागातून, जिथे सलाइन जोडतात) बाहेर पडते तिथेच वळ पडतो आणि सलाइन थांबतं. पॉलीयुरेथेन अंगाच्या उबेला मऊ पडतं, शिरेच्या आतल्या अस्तराला कमी घासतं आणि वाकून परत जागेवर येतं, त्यामुळे शीर सुजण्याचं प्रमाण त्यात कमी दिसतं.

मग काय, पॉलीयुरेथेन घ्या की, असं म्हणून आम्ही घेतलं आणि भोसरीला एकाकडे नळी काढायला दिली, तर पहिल्या लॉटमध्ये बुडबुडेच बुडबुडे, हातात धरून ताणली की तुटतेय. आम्ही मशीनला दोष दिला, मग ऑपरेटरला, मग प्लॅस्टिकचा दाणा बदलला. कारण निघालं पावसाळा! पॉलीयुरेथेनचा दाणा हवेतला ओलावा पितो, नीट वाळवल्याशिवाय वितळवला की आतल्या पाण्याने प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि बुडबुडे येतात. जुलैमध्ये पोतं उघडं ठेवून जेवायला गेलात तर दुपारचा लॉट गेला समजा. ड्रायर आणि ओलावा मोजायचं यंत्र आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक निर्जंतुकीकरणाची. कोणीतरी सांगितलं गॅमा किरणांनी करून टाका, मुंबईला ट्रॉम्बेची आयसोमेड त्यासाठीच १९७४ पासून चालू आहे, एवढं अवघड काय त्यात. गॅमा चांगलाच आहे, पण पीटीएफईला तो अजिबात सोसत नाही, नळी ठिसूळ होते. म्हणूनच बहुतेक कॅन्युला इथिलीन ऑक्साइड गॅसने करतात. मग तुमचं पाकीट गॅस आतबाहेर करणारं हवं आणि नळीत उरलेला गॅस निघून जायला वेळ द्यायला हवा, तो मोजून दाखवायला हवा. तेव्हा मटेरियल, पाकीट आणि निर्जंतुकीकरण एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून ठरवा. आम्ही तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत ठरवलं आणि तिन्ही परत केलं.

हबचंही तेच. काचेसारखं दिसतं म्हणून आम्ही पॉलीकार्बोनेटचा हब केला होता. स्पिरिट आणि चरबीवालं इमल्शन लागून पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात हे वॉर्डातल्या ट्रायवेमुळे (सलाइनच्या नळीला लावतात तो तीन तोंडांचा जोड) लोकांना वर्षानुवर्षं माहीत आहे, फक्त आम्हाला नव्हतं.

भिंत थोडी जाड झाली तर काय बिघडतं? बरंच

नळीतून किती पाणी जाणार हे आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. बारावीला पाठ केलेलं सूत्र, पण हिशोब करून बघा. आतली त्रिज्या फक्त १० टक्के कमी झाली तर प्रवाह साधारण ३४ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे मोल्डिंगवाला "सर एवढं चालतं" म्हणतो तेव्हा ते चालत नाही. बाहेरून तीच, रंगाने तीच, आणि सलाइन मात्र रेंगाळतंय, आणि सिस्टरना वाटतं शीर खराब आहे, त्या काढून दुसरीकडे टोचतात.

रंगावरून आठवलं. आमच्या डिझायनरने हब मोरपंखी केला होता, ब्रँडचा रंग म्हणून! कॅन्युलाचे रंग हा शोभेचा विषय नाही, आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत. १४ जी (जी म्हणजे गेज, नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक) नारिंगी, १६ करडा, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा, २६ जांभळा. रात्री दोनला अपघाताचा पेशंट आला की कोणी नंबर वाचत नाही, "हिरवी दे" एवढंच ओरडतात.

आणि मोठी म्हणजे चांगली असंही नाही. नळीची जाडी शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असं सांगतात, बाजूने रक्त वाहतं राहिलं तर औषध पातळ होतं. बारीक शिरेत जाड नळी कोंबली की व्हँकोमायसिन, अमायोडॅरोन, पोटॅशियम असली आग करणारी औषधं तिथेच साठून शिरेला भाजतात. मग बाहेर काढलेली कॅन्युला कितीही सुंदर असो.

खरी मारामारी चिकटपट्टीशी आहे

इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण आमची अर्धी अक्कल इथे आली.

त्या सिस्टर म्हणाल्या तसं आम्ही मग वॉर्डात नुसतं बसायला लागलो, परवानगी घेऊन, कोपऱ्यात, वही घेऊन. गणपतीच्या आसपासचे दिवस, डेंग्यूने वॉर्ड भरलेला. काय दिसलं सांगतो. सिस्टर ग्लोव्ह्ज घालतात, शीर चाचपताना बोटाला काही लागत नाही म्हणून एका बोटाचं टोक फाडतात (चूक आहे, पण करतात), टोचतात, रक्त दिसतं, सुई मागे, नळी पुढे, सगळं झकास. आता मायक्रोपोर, म्हणजे ती पांढरी कागदी चिकटपट्टी. मायक्रोपोर ग्लोव्हला चिकटतं. एका हाताने हब धरलाय, दुसऱ्या हाताने पट्टी फाडायचीय, ती गुंडाळली जाते, मग पेशंटच्या पलंगाच्या दांडीवर आधीच चिकटवून ठेवलेले तुकडे एकेक काढून लावायचे, आणि या सगळ्या झटापटीत नळीचं टोक शिरेच्या आत पुढेमागे होत राहतं. शीर सुजायची सुरुवात तिथेच होते आणि आम्ही मात्र सुईचा कोन मोजत बसलेलो!

पुढे नातेवाईक पेशंटला बाथरूमला नेतात, सलाइनची बाटली एकाच्या हातात, नळी दरवाजाच्या कडीत अडकते, हिसका थेट हबला बसतो. घामाने पट्टी सुटलेली असतेच. स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीन लावल्यावर ते पूर्ण सुकायच्या आत पट्टी मारली तर ती धरतच नाही, आणि सुकायला थांबायला वेळ कोणाकडे आहे. वरून मायक्रोपोरचे एवढे थर की खाली लाल झालंय की पू झालाय काही दिसत नाही. पारदर्शक ड्रेसिंग असतं, पण स्टोअरमधून ते दर वेळी मिळतंच असं नाही.

तर टाळायच्या चुका अशा: हबच्या दोन्ही बाजूंचे पंख फार छोटे किंवा फार ताठ करू नका, हाताच्या गोलाईवर बसले पाहिजेत. हब खालून टोकदार ठेवू नका, दोन दिवसांत कातडीत रुततो. हब आणि कातडी यांच्यात किती कोन राहतो तो बघा, पट्टीने दाबल्यावर नळी तिथेच मुडपते. आणि ट्रायवे थेट हबला लटकेल असं गृहीत धरून ताण मोजा, कारण लटकतोच. मध्ये छोटी एक्स्टेंशनची नळी लावली तर ओढ बरीच कमी होते.

वरच्या रंगीत टोपीच्या पोर्टबद्दल माझं मत सांगतो, भांडा हवं तर. मला तो आवडत नाही. टोपी उघडी राहते, पुसायला नीट जमत नाही, आणि जंतूंना आयतं घर. पण आपल्याकडे इंजेक्शन तिथूनच द्यायची सवय आहे, पोर्ट काढून नेलात तर वॉर्डात हात लावणार नाहीत. आम्ही एकदा काढून बघितला. नाही लावला.

टिकण्याचा मुद्दा आता जास्तच महत्त्वाचा झालाय, कारण दर ७२ ते ९६ तासांनी बदलून टाका हा जुना नियम ढिला होतोय. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला, ३२८३ पेशंट, ठरलेल्या वेळेला बदलली काय किंवा गरज पडली तेव्हाच बदलली काय, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे चांगली चाललेली कॅन्युला पाचव्या दिवशीही हातात असू शकते. तुमची चाचणी तिसऱ्या दिवशी संपत असेल तर ती अपुरी आहे.

टेस्टिंग स्वतःच्या हातावर करून खूश होऊ नका

तेवीस वर्षांच्या जिम करणाऱ्या पोराची शीर कोणालाही सापडते. वॉर्डात सत्तरीच्या आजी असतात ज्यांची शीर बोटाखाली पळते आणि टोचली की फुटते, केमो झालेले असतात, बाळं असतात. आणि ओळखीचा डॉक्टर आहे, दोन पेशंटला लावून बघतो म्हणाला, हे तर बिलकुल करू नका. आपल्याकडे आयव्ही कॅन्युला २००५ पासून औषध कायद्याखाली आहे, आता मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागतात. नवीन उपकरण माणसाच्या अंगाला लावायचं तर एथिक्स कमिटी आणि परवानगी, दोन्ही लागतात. ही फाइल पहिल्या महिन्यातच सुरू करा. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात स्टार्टअपना मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात वैद्यकीय उपकरणांवरच्या बेटिकचं काम चालतं, आधी तिथे विचारा, आम्ही उशिरा विचारलं.

तक्रार आली की आधी हे बघा

रक्त दिसलं पण नळी पुढे जात नाही: सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे असतं, त्यामुळे रक्त दिसतं तेव्हा सुई शिरेत आणि नळी अजून बाहेर असू शकते. कोन कमी करून एक-दोन मिलिमीटर पुढे नेऊन मग नळी सरकवायची. वापरणाऱ्यांना हे माहीत असूनही तक्रार येतेय, तर तुमचं ते अंतर जास्त आहे किंवा नळीच्या तोंडाचा उतार नीट नाही.

नळीचं टोक फाटलेलं: सुई अर्धी मागे घेऊन परत आत घातली असणार. हे कधीच करायचं नसतं, तुकडा कापून शिरेत जाऊ शकतो. नळीत बेरियम सल्फेटच्या रेषा असतात त्या यासाठीच, तुकडा एक्सरेत दिसावा म्हणून. पण भरमसाठ बेरियम घातलंत तर नळी ताठ होते.

जोडावर गळतंय: ल्युअरचा, म्हणजे जोडाच्या निमुळत्या तोंडाचा उतार ६ टक्के असतो, तोच तपासा.

सुईच्या टोकावरची सेफ्टी क्लिप अडकते: क्लिप आपोआप बसली पाहिजे. वेगळं बटण दाबायचं ठेवलंत तर घाईत कोणी दाबत नाही आणि टोचलेल्या सिस्टरला हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीच्या टेस्ट करत बसावं लागतं.

आता शेवटचं. "निकामी झालेले पीस आमच्यासाठी ठेवा" असं आम्ही सिस्टरना सांगून आलो होतो. त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की विचारू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात आणि नळी लाल पिशवीत गेलेली असते, आणि वापरलेली कॅन्युला कुरिअरने भोसरीला मागवायची वस्तू नाही. मग त्यांनीच सुचवलं, "काढायच्या आधी फोटो काढून देऊ का?" हॉस्पिटलची आणि पेशंटची रीतसर परवानगी काढली. फोटोत फक्त कोपरापासून खालचा हात, चेहरा नाही, मनगटावरचं नावाचं लेबल झाकलेलं, पट्टीवर तारीख-वेळ. नळीचे शंभर नमुने मायक्रोस्कोपखाली घालून जे कळलं नसतं ते त्या फोटोंतून कळलं: पट्टी कुठून सुटते, हब कुठल्या बाजूला कलतो, आणि मनगटावर लावलेल्या किती आणि कोपराखालच्या सपाट भागावर किती.