मोटेल सोडा, पण आधी फोन करा

सप्टेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ओळखीत नव्यानं आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "व्हरमाँट राज्यात फॉलचे, म्हणजे पानगळीआधीचे झाडांचे रंग बघायला जायचंय, कुठलं मोटेल बरं?" मी म्हणते, मोटेल नको, एखाद्या गावातलं बी अँड बी घ्या, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता देणारं घर. त्यावर समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी त्याला धर्मशाळेत पथारी टाकायला सांगितली.

त्यांचंही चुकत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं आम्हीसुद्धा हायवेच्या एक्झिटवरची मोटेलंच केली. चौघांच्या खोलीत सहा जण, सकाळी वॉफलच्या यंत्रापुढे रांग, निघताना पर्समध्ये केळी. (ही खोड आपल्या लोकांची अजून गेलेली नाही. केळं एकवेळ ठीक, पण दह्याचे सहा-सहा डबे?) मोटेलचा धंदाच स्वस्ताईवर उभा राहिला. मोटेल सिक्स १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराला निघालं तेव्हा रात्रीचे सहा डॉलर घ्यायचं, म्हणून ते नाव. काउंटरवर बहुधा एखादे पटेलकाका असतात, आणि २०२४ मध्ये तर मोटेल सिक्सची अख्खी साखळीच आपल्या ओयोनं विकत घ्यायचं ठरवलं. रात्री अकराला पोचून पहाटे पाचला निघायचं असेल तर खुशाल तिथे राहा. पण जे गाव बघायलाच निघालात, तिथे पार्किंगकडे उघडणारी खिडकी कशाला हवी?

व्हरमाँटमध्ये १९६८ च्या कायद्यानं रस्त्याकडेची होर्डिंग बंद केली. त्यामुळे डोंगर मोकळे दिसतात, पण कुठे काय आहे ते जाहिराती सांगत नाहीत, माणसं सांगतात. रंग आधी उत्तरेकडे आणि उंचावर चढतो, मग दक्षिणेला, खोऱ्यांत उतरतो. या आठवड्यात नेमका कुठे पोचलाय, हे सकाळी कॉफी ओतता ओतता मालकीण सांगते. आम्हाला एकीनं सांगितलं होतं, "रूट १०० वर आज गाड्यांची रांग असेल, तुम्ही गोठ्यामागच्या मातीच्या रस्त्यानं जा." त्या रस्त्यावर तासाभरात आम्हाला दोन ट्रॅक्टर भेटले, आणि बाकी नुसते लालभडक मेपल.

आता माझी चूक सांगते. २००५ ची गोष्ट. ऑक्टोबरमधल्या कोलंबस डेच्या सुट्टीचा लाँग वीकएंड, लेक सहा वर्षांची. मी अशाच एका बी अँड बीच्या वेबसाइटवर गोधड्यांचे, फायरप्लेसचे फोटो बघून भारावले आणि दोन रात्रींचे पैसे भरले. संध्याकाळी दारात पोचलो. मालकिणीनं लेकीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बारा वर्षांखालची मुलं आम्ही घेत नाही." ते वेबसाइटवर लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. नवऱ्यानं सांगून पाहिलं, मुलगी शांत आहे, लवकर झोपते. इथली माणसं 'सॉरी' इतकं गोड म्हणतात की आता काम होणार असं वाटतं. होत नाही. लिहिलेला नियम हलत नाही. चौदा दिवस आधी रद्द केलं तरच पैसे परत, हेही लिहिलेलंच होतं, तेव्हा तेही गेले. त्या वीकएंडला आसपास एक खोली मोकळी नव्हती. दीड तास उलटं येऊन दुप्पट भावानं हायवेवरचंच मोटेल घेतलं.

म्हणून पुन्हा सांगते: बटण दाबून बुकिंग करू नका, फोन करा. मुलांचं वय सांगा. रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत मिळतात ते विचारा. फोटो मागाहून बघा. गेल्याच वर्षी एका जोडप्यानं माझं सगळं ऐकून घेऊनही माझीच चूक पुन्हा केली.

भारतातून आई-वडील आलेले असतील तर जिन्यांचं विचाराच. ही घरं जुनी, लाकडी, जिने उभे, लिफ्ट नाही. मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्यानं द्यायच्या खोल्या पाचपेक्षा जास्त नसतील, तर अपंगांच्या सोयीचा केंद्रीय कायदा त्या घराला लागूच होत नाही. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन दिवस काढले, खाली फक्त नाश्त्याला उतरल्या. बाथरूम खोलीतलं की सामायिक, हेही त्याच फोनवर.

खोलीत शिजवायचं नाही. इलेक्ट्रिक कुकर नाही, इंडक्शन नाही, "फक्त मॅगी" नाही. फोडणी तर नाहीच नाही. लाकडी घर आहे, धुराचा अलार्म वाजला की सगळे पाहुणे नाइटगाउनमध्ये अंगणात येतात. आणि हिंगाचा वास त्या गोधड्यांतून जाता जात नाही. थेपले, चिवडा, लाडू न्या.

नाश्ता ठरलेल्या वेळीच मिळतो, त्यामुळे साडेनऊला डोळे चोळत उतरलात तर टेबल आवरलेलं असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. अंडं चालतं का ते सांगा, आणि बेकन भाजलेल्याच तव्यावर तुमचे पॅनकेक नको असतील तर तेही दोन दिवस आधी सांगा, बायका मनापासून वेगळं करतात. अमेरिकेतलं साधारण निम्मं मेपल सिरप हे एवढंसं राज्य काढतं. पातळ काकवी समजा, आणि हात आखडू नका. टेबल बहुधा सामायिक असतं. आपले लोक तिथे इंग्रजीच्या धास्तीनं आपसात मराठीत कुजबुजत बसतात, ते वाईट दिसतं. कुठून आलात एवढं सांगितलं तरी समोरचे आजोबा पुढचा अर्धा तास सांभाळतात.

टीप खोली आवरणाऱ्या मुलीसाठी ठेवा, मालकिणीला नको.

ऑक्टोबरच्या त्या लाँग वीकएंडसाठी जूनमध्येच फोन करा; त्या वीकएंडला बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींखाली खोली देत नाहीत. डोंगरात सिग्नल जातो, पत्ता कागदावर लिहून घ्या. पोचायला नऊच्या पुढे होणार असेल तर मोठा हायवे सोडायच्या आधीच मालकिणीला कळवा. ती किल्ली कुठे ठेवली ते सांगते आणि झोपून जाते.