मासे आणण्याआधी टाकीला जेवू घाला

माझी नणंद ऐरोलीला राहते. तिच्या मुलाला वाढदिवसाला फिश टँक हवाय. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, काय काय आणायचं त्याची यादी पाठव." लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, आणायच्या वस्तूंची यादी दोन ओळींत संपते. मासे काही वस्तू कमी पडली म्हणून मरत नाहीत. आमचे मेले तेव्हा घरात सगळं होतं. म्हणून ही यादी वस्तूंपेक्षा तयारीची आहे, आणि ती फक्त तिच्यासाठी नाही. घरात पहिल्यांदा टँक लावणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

गेल्या वर्षी लेकीची परीक्षा संपल्यावर आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात दोन फुटी टँक लावला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस पाणी फिरू द्या, मग मासे न्या. आम्ही मोजून पंधरा दिवस थांबलो. फिल्टर रात्रंदिवस चालू, पाणी काचेसारखं नितळ. सोळाव्या दिवशी दोन गोल्डफिश, सहा मॉली आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर मॉली पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंडं लावून उभ्या. कल्ले लालभडक, पंख अंगाला चिकटलेले. लेक म्हणाली, "आई, त्यांना भूक लागलीय." तिने चिमूटभर खाद्य टाकलं आणि मी टाकू दिलं. नवव्या दिवशी एकच मॉली उरली होती.

चूक काय झाली ते नंतर कळलं. पंधरा दिवस टाकी चालवली खरी, पण उपाशी चालवली.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विष आहे. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर जिवाणू वसलेले असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते काढून घेतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू विकत आणले नाहीत तरी आपोआप येतात. पण खायला असेल तिथेच ते वाढतात, आणि त्यांचं खाणं म्हणजे अमोनिया. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी फिरवत ठेवलं तर त्यांनी खायचं काय? दुधाशिवाय दही लागत नाही, पातेलं पंधरा दिवस ओट्यावर ठेवलं तरी. आमच्या टाकीत पंधराव्या दिवशी जिवाणू पहिल्या दिवसाइतकेच होते, म्हणजे जवळजवळ नव्हतेच. त्यात एकदम नऊ मासे सोडले.

म्हणून वस्तूंच्या आधी हे वाचा. टाकीत पाणी भरून फिल्टर सुरू झाला की त्याच दिवसापासून, मासे नसतानाही, रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. घरात कोणी विचारेल, "मासे कुठेत? कोणासाठी टाकतेस?" टाकत राहा.

आता वस्तू, भराभर. टँक, स्टँड, झाकण, फिल्टर, एअर पंप, जाळी, थर्मामीटर, पाण्यासाठी साबण न लागलेली वेगळी बादली. टँक लहान घेऊ नका. काचेचा गोल बाऊल तर नकोच, त्यात फिल्टर नीट बसत नाही आणि पाणी कमी म्हणून विष लवकर साचतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरून वजन 75 ते 80 किलोपर्यंत जातं, तेव्हा शोकेसच्या फळीवर नाही, मजबूत स्टँडवर, खाली थर्माकोलची शीट घालून. खिडकीच्या उन्हात नको. खडी नुसत्या पाण्याने धुवा, साबण कशालाच लावू नका. हीटर ठाण्यात फारसा लागत नाही. जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर आपली अडचण उलटी आहे. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या वर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्या दिवसांत एअर पंप रात्रीही बंद करायचा नाही. आवाजाने झोप लागत नाही म्हणून आमच्याकडे तो एकदा बंद केला होता. पुन्हा तसं केलं नाही.

पाण्याबद्दल मात्र नीट सांगते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांचे कल्ले जाळतं आणि आपण ज्यांना वाढवतोय त्या जिवाणूंनाही मारतं. दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, ते बादलीत आधी घाला, मग पाणी टाकीत. रात्रभर उघड्या बादलीत पाणी ठेवलं तर बरंचसं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचा टिकून राहणारा प्रकार, असेल तर जात नाही. तेव्हा थेंबच वापरा, स्वस्त असतात. नणंदेकडे नवी मुंबईचं, मोरबे धरणाचं पाणी येतं. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी असतं आणि उन्हाळ्यात त्यात टँकरचं मिसळतं. टँकरचं बरेचदा बोअरचं असतं, जड. भांड्यांवर पांढरे डाग पडतात तेच. अशा पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधोमध) चढा असू शकतो आणि चढ्या पीएचला तोच अमोनिया जास्त मारक होतो. पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, 8 झाला की पाच-सहा टक्के. म्हणून शेजारणीच्या टाकीत चाललं ते तुमच्या टाकीत चालेलच असं नाही. शटडाऊननंतर पहिल्यांदा येणारं गढूळ पाणी टाकीत घालू नका. आणि लिफ्टमध्ये "सोसायटीच्या टाक्यांची सफाई" अशी नोटीस दिसली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पाणी बदलायचं नाही. टाक्या धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात.

आता पुन्हा उपाशी टाकीकडे.

खाद्य टाकायला लागलात की ते तळाशी बसतं, त्यावर पांढरी बुरशी धरते, पाणी थोडं दुधाळ होतं. घाबरू नका. आणि पाणी खराब झालं म्हणून सगळं ओतून पुन्हा नव्याने सुरुवात तर मुळीच करू नका, केलंत तर झालेले दिवस वाया जातात. मासे-कोलंबी खाणाऱ्या घरांसाठी दुसरा उपाय आहे. एक सोललेली कच्ची कोलंबी जुन्या मोज्यात बांधून पाण्यात सोडायची आणि आठवड्याभराने मोज्यासकट काढून टाकायची. वास येतो, बराच येतो. आमच्याकडे सासूबाईंना तो चालला नसता म्हणून मी खाद्यावरच भागवलं. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून घ्या. टाकीच्याच पाण्यात बुडवून, पिशवीत घालून तासाभरात घरी आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. हे खरं विरजण, याने दिवस निम्म्यावर येऊ शकतात. पण विरजण घातलं म्हणून दूध नको असं होत नाही. स्पंज आणला तरी खाद्य टाकायचंच. बाटलीतले जिवाणू आणले तरी टाकायचंच.

तयार झालं हे डोळ्यांनी कळत नाही. आमचं पाणी नितळ होतं, हे मी वर सांगितलंच. त्यासाठी टेस्ट किट लागतो, थेंबांचा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढं त्यात असलं पाहिजे. महाग वाटतो, पण मासे मेले की तेही पुन्हा आणावे लागतात. आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, मेलेला मासा जाळीने मुलांसमोर काढावा लागतो. किटमधल्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे. माझ्या किटमध्ये, पाण्यात अमोनिया नसला की ते पिवळं राहतं, असला की हिरवं होतं. दुसऱ्या वेळी, पावसाळ्यात, मी दर दोन दिवसांनी नळी पांढऱ्या कागदावर धरून बघायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. पाचव्या दिवशी हिरवट झालं. बाराव्या दिवशी गडद हिरवं. मग अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट चढलं, नळी जांभळी. इथे थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण आठवडा-दोन आठवडे काही हलत नाही. चौतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य आलं आणि नायट्रेट दिसलं. तुमचं चार आठवड्यांत होईल, सहाही लागतील. खाद्य रोज पडत असतानाही अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य राहिलं, तर टाकी तयार. खाद्य बंद करून आलेलं शून्य म्हणजे काहीच नाही, ते आमच्या पंधराव्या दिवसाच्या नितळ पाण्यासारखंच.

तयार झाल्यावरही खाद्य थांबवू नका. मासे शनिवारी येणार असतील तर शुक्रवारपर्यंत टाकी जेवली पाहिजे. शनिवारी सकाळी निम्मं पाणी बदला, साचलेलं नायट्रेट खाली येईल, आणि मग मासे.

वाढदिवसाची तारीख ठरलेली असेल तर तिथून मागे सहा आठवडे मोजून टँक लावा. तेवढे नसतील तर वाढदिवसाला रिकामा, दिवे लावलेला टँक द्या आणि खाद्य टाकायचं काम मुलाला द्या. माझ्या लेकीने दुसऱ्या वेळी तेच केलं. शाळेतून आल्यावर रोज एक चिमूट. नळीचा रंगही तीच सांगायची.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनच्या पाण्याने महिन्याभराची वस्ती एका मिनिटात जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीतच, हलकेच पिळायचा आणि परत लावायचा. पांढराशुभ्र करायचा नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा, त्या चांगल्या मनाने घासून ठेवतात. वीज गेली तर स्पंजमधलं पाणी फिरत नाही आणि जिवाणू गुदमरतात. पहिल्या पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते माहीत आहे, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

मासे कोणते? पहिल्या खेपेला तीन-चार लहान आणि काटक. गप्पी, प्लॅटी किंवा डॅनिओ. गोल्डफिश नको. तो खूप घाण करतो, त्याला गार पाणी लागतं आणि दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही. सकर "टाकी साफ ठेवतो" म्हणून देतात, पण तो स्वतः भरपूर विष्ठा टाकतो आणि वाढून फूटभर किंवा जास्तही होतो. शार्क म्हणून जो छोटा राखाडी मासा मिळतो तो पंगास, मोठ्या नदीतला, पूर्ण वाढला तर मीटरभर. मुलांनी हट्ट केला तरी नाही म्हणा. फायटर घ्यायचा तर एकटाच नर. दुकानात मासे कधी आले ते विचारा. पुष्कळसे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून इतका लांबचा प्रवास करून येतात. कालच उतरलेले घेऊ नका, आठवडाभर दुकानात राहून खाताना दिसतात तेच घ्या. कुर्ल्याहून आणणार असाल तर लोकलची गर्दी ओसरल्यावर या, पिशवी उन्हात धरू नका.

घरी आल्यावर पिशवी बंदच वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात घाला, चार-पाच वेळा. मासे जाळीने काढून सोडा, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. दिवा त्या दिवशी बंद.

पहिले दोन आठवडे खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आता माशांकडूनच अमोनिया येतो, तेव्हा जास्त टाकायचं काही कारण नाही. दर दोन दिवसांनी टेस्ट. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालून. पुढचे मासे दहा-बारा दिवसांनी, तेही दोन-तीनच, आणि अमोनिया-नायट्राइट शून्य असतील तरच.

मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले तर खाद्य टाकू नका. ती भूक नसते. आधी टेस्ट करा, लगेच निम्मं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुकानातलं निळं औषध टाकीत ओतू नका, त्याने स्पंजमधले जिवाणूही मरतात.

नणंदेने टँक आणलाय, अजून जोडलेला नाही. मी तिला सांगितलंय, पाणी भरशील त्याच संध्याकाळी पहिली चिमूट टाक आणि मला फोन कर.