'तर', 'तम' आणि तोरणा: इंग्रजी विशेषणांची तुलना शिकवताना

मराठी माध्यमाच्या वर्गात 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट'चा तक्ता पाठ करून घेण्याआधी फळ्यावर सिंहगड, राजगड, तोरणा लिहा. शेजारी उंची : सुमारे १३००, १३७५, १४०० मीटर. (मुलांनाच उंचीप्रमाणे उभं करू नका, बुटक्या मुलाचा तास वाया जातो.)

आधी मराठीत विचारा : सिंहगडापेक्षा राजगड कसा? सगळ्यांत उंच कोणता? 'उंच' हा शब्द कुठेच बदलला नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्या. मराठीत 'पेक्षा' आणि 'सगळ्यांत' यांवर भागतं, इंग्रजीत विशेषणालाच 'अर' किंवा 'एस्ट'चं शेपूट लागतं. म्हणूनच 'राजगड इज हाय दॅन सिंहगड' अशी वाक्यं येतात. 'जास्त उंच'चं 'मोअर हायर' होतं तेही मराठीच्याच वाटेने. 'एस्ट' मात्र मुलांना अगदीच परका नाही. गणितातल्या 'लघुतम', 'महत्तम'मधला 'तम' तेच काम करतो.

खरी अडचण पुढे आहे. शेपूट कधी आणि 'मोअर' कधी, हे शब्दाच्या उच्चारखंडांवर (सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा) ठरतं, पण आपली मुलं अक्षरं मोजतात. 'बिग'मध्ये त्यांना 'बि' आणि 'ग' अशी दोन दिसतात. हनुवटीखाली तळहात धरून मूळ शब्द म्हणायला लावा. हनुवटी एकदा खाली गेली तर शेपूट : हायर, स्ट्रेंजर. तीनदा किंवा जास्त वेळा गेली तर मोअर, मोस्ट : मोअर ब्यूटिफुल. दोनदा गेली आणि शेवटी वाय असेल तर वायचा आय करून शेपूट : हॅपीअर. दोन खंडांचे बाकीचे बहुतेक शब्द मोअर घेतात.

स्पेलिंगमध्ये 'बिग'चा जी दोनदा लिहायचा, कारण त्याआधी एकच स्वर आहे. 'क्लीन'मध्ये दोन स्वर, म्हणून एन एकदाच. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट पाठच करावे लागतात. सरावाला मिसळ घेऊ नका, कुठली 'बेस्ट' यावरच तास संपेल.

पहिल्या तासाला इंग्रजी वाक्यांत दोनच किल्ले ठेवा, तिसरा दुसऱ्या दिवशी. मराठीत 'द'ला जोड नाही, त्यामुळे तो हमखास गळतो; 'द हायेस्ट' हा एकच शब्द असल्यासारखा म्हणून घ्या.

वरच्या वर्गांत वाक्यरूपांतर करताना 'तोरणा इज हायर दॅन एनी फोर्ट इन पुणे डिस्ट्रिक्ट' असं उत्तर आलं, तर मुलांना विचारा : तोरणा स्वतः कुठल्या जिल्ह्यात आहे? 'एनी'पुढे 'अदर' का लागतो ते त्यांचं तेच सांगतील.