इंग्रजी वाक्प्रचाराची गोष्ट फॉरवर्ड करण्याआधी ती कशी तपासायची

मूर्खपणा-वेडेपणावर इंग्रजीत ढीगभर वाक्प्रचार आहेत आणि प्रत्येकामागची एक झकास स्टोरी व्हॉट्सॲपवर फिरत असते, त्यातल्या बऱ्याच मागाहून चिकटवलेल्या.

तर आधी तारीख बघा. गुगल बुक्सवर वाक्प्रचार अवतरण चिन्हात टाकायचा, वर्षाचा फिल्टर लावायचा आणि मागे मागे जात राहायचं. साइटवरचं वर्ष कधी कधी साफ चुकलेलं असतं, सो स्कॅन उघडून पहिलं पान डोळ्यांनी बघा, आळस नको. 'मॅड ॲज अ हॅटर' घ्या, म्हणजे टोप्या बनवणाऱ्यासारखा (हॅटरसारखा) ठार वेडा. लोक बिनधास्त ठोकून देतात की हे लुईस कॅरलच्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकातून आलं, त्यात एक वेडगळ हॅटर आहे. ते पुस्तक 1865 चं, आणि वाक्प्रचार त्याच्या तीसेक वर्षं आधीपासून छापलेला सापडतो. खेळ खल्लास! वर गंमत म्हणजे पुस्तकात तो नुसता 'हॅटर' आहे, 'मॅड हॅटर' कुठेच नाही.

मग याच वाक्प्रचाराची दुसरी, पाऱ्याची स्टोरी: टोप्या बनवणारे पाऱ्याने वेडे व्हायचे, म्हणून तो आला. फेल्टच्या (केस दाबून केलेल्या कापडाच्या) हॅटसाठी सशाच्या केसांना मर्क्युरी नायट्रेट, म्हणजे पाऱ्याचं संयुग, चोळायचे म्हणजे केस एकमेकांत नीट गुंततात, पुढे ते गरम करताना, वाफ देताना पारा उडायचा आणि कोंदट खोलीत कारागीर दिवसभर तोच श्वासात घ्यायचे, हात थरथरायला लागायचे, अमेरिकेत डॅनबरी गावात तर त्याला 'डॅनबरी शेक्स' असं नावच पडलं होतं. हे सगळं खरंय. पण इथे दुसरी चाचणी लावा, अर्थ जुळतो का? पाऱ्याने माणूस बुजरा होतो, चारचौघांत जायला घाबरतो, चिडका होतो. थोडं जुळतं, थोडं नाही. म्हणून 'असं मानतात' लिहा, 'सिद्ध झालंय' नको.

याउलट 'डन्स' म्हणजे ढ, त्याची स्टोरी पक्की आहे. जॉन डन्स स्कोटस हा स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ, 1308 ला वारला, इतका हुशार की त्याला 'सूक्ष्म डॉक्टर', म्हणजे बारीक विचार करणारा पंडित, म्हणायचे. सोळाव्या शतकात नव्या विचारांचे पंडित त्याच्या जुन्याला चिकटून बसलेल्या अनुयायांना 'डन्स' म्हणून चिडवायला लागले आणि बिचाऱ्याच्या नावाची शिवी झाली. इथे माणूस, काळ आणि चिडवण्याचं कारण, तिन्ही सापडतं. असं तिन्ही हाताला लागलं की खुशाल फॉरवर्ड करा.