जॉयस्टिक आपोआप सरकतेय? कॅलिब्रेट करण्याआधी आकडे बघा

हात न लावता विमान डावीकडे कलतं, किंवा मेनूमधली निवड स्वतःहून खाली खाली धावत सुटते. कोणालाही विचारा, उत्तर एकच: 'कॅलिब्रेट कर की!' या सल्ल्याचा मला आता वैताग आलाय. कॅलिब्रेशन म्हणजे विंडोजला 'मध्य इथे आहे' एवढंच सांगणं. तो मध्य मिनिटामिनिटाला जागा बदलत असेल तर सांगून उपयोग काय? पोटदुखीवर बाम चोळल्यासारखं होतं ते.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घ्या. दुसरा कंट्रोलर, स्टिअरिंग व्हील, जे काही जोडलेलं असेल ते काढा. अनेकदा टेबलाखाली पडलेला जुना कंट्रोलरच खेळात लुडबुड करत असतो. हब नको, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये थेट जोडा. वायरलेस असेल तर ताजे सेल घाला. जोडताना दांडीला हात लावू नका, कारण काही जॉयस्टिक त्या क्षणी जिथे असतील तोच मध्य धरून चालतात. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवरही लावून बघा. तिथे नीट चालली तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे, स्क्रूड्रायव्हर कपाटातच राहू द्या.

आकडे वाचणं

इथे घाई करायची नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल टाइप करून एंटर मारा. यादीतून जॉयस्टिक निवडा, प्रॉपर्टीज उघडा. समोर चौकोनात हलणारी अधिकची खूण दिसेल. सगळे तिच्याकडेच बघत बसतात आणि तिथेच फसतात. ती खूण जुन्या कॅलिब्रेशनच्या चष्म्यातून दिसत असते. मागे कोणी चुकीचं कॅलिब्रेशन करून ठेवलं असेल तर धडधाकट जॉयस्टिकसुद्धा वाकडी दिसते. म्हणून सेटिंग्जच्या पानावर जाऊन आधी 'रीसेट टू डिफॉल्ट' दाबा. कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

मिटली नाही तर 'कॅलिब्रेट' दाबून विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने पुढे नेणारी खिडकी, सुरू करा. कॅलिब्रेट करायला नव्हे, फक्त बघायला. अक्षांच्या पानावर 'डिस्प्ले रॉ डेटा' असा पर्याय येतो, त्यावर टिचकी मारा म्हणजे कच्चे आकडे दिसतील. जॉयस्टिकवरचं कोणतंही बटण दाबू नका, विझार्ड पुढच्या पानावर उडी मारतो. पाहून झालं की कॅन्सल. शेवटपर्यंत जाऊन 'फिनिश' दाबायचा मोह होतो, तो आवरा.

आकड्यांची पट्टी जॉयस्टिकप्रमाणे वेगळी असते. काहींची ० ते २५५, म्हणजे मध्य १२८ च्या आसपास. काहींची ० ते ६५,५३५, तिथे मध्य ३२,७६७ च्या जवळ. मी इथे २५५ ची पट्टी धरून बोलतो.

कागद-पेन घ्या. दांडी पूर्ण डावीकडे न्या, हळूच सोडा, थांबलेला आकडा लिहा. मग उजवीकडून, वरून, खालून. तोच फेरा परत करा, पण या वेळी दांडी झटक्यात सोडा. शेवटी हात पूर्ण काढून अर्धा मिनिट नुसते आकडे बघा. मला सुरुवातीला हे अजिबात जमायचं नाही, कारण मी एकाच बाजूने सोडून निकाल लावायचो. चारही बाजूंनी सोडल्याशिवाय दुखणं कुठलं ते कळत नाही.

आकडा दर वेळी एकाच जागी, समजा १३६ वर, शांत बसत असेल तर मध्य फक्त सरकलाय. कॅलिब्रेशन करावं ते अशा जॉयस्टिकला.

हात लावलेला नसताना आकडा १२८, १३१, १२६, १४० असा नाचत असेल, किंवा दांडी सावकाश नेताना मध्येच उडी मारत असेल, तर आतली पट्टी घाण झालीय किंवा झिजलीय. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची ना, तो हाच भाग: पोटेन्शिओमीटर. कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक बोटं घासत फिरतात, पट्टीचा भुगा होतो आणि तिथेच साचतो. त्यात आपल्या ठाणे-नवी मुंबईची हवा. वाशी-ऐरोलीला खाडीचा दमटपणा, घोडबंदर रोडला खिडकी उघडली की धूळ. या जॉयस्टिकला कॅलिब्रेट करणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

डावीकडून सोडल्यावर १२२ आणि उजवीकडून सोडल्यावर १३४, दोन्ही आकडे स्थिर, असं असेल तर स्प्रिंग सैल झालीय. इथे सफाईही निरुपयोगी. थेट डेड झोनकडे जा, म्हणजे मध्याभोवतीच्या ज्या पट्ट्यातली हालचाल खेळ मोजतच नाही, तो वाढवा.

आणि आकडा ० किंवा २५५ ला चिकटून बसला, तर वायर तुटलीय किंवा पट्टी गेलीय. मूठ पिळून रडर (विमानाचं शेपटीवरचं सुकाणू) चालवायच्या जॉयस्टिकमध्ये तो पिळण्याचा अक्ष बहुतेकदा सर्वांत आधी जातो, तोही तपासा.

सफाई

आकडे नाचत असतील तरच. केबल आणि सेल काढून ठेवा. लागतं ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा. मेडिकलमधलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट फवारा तर लांबच ठेवा; दोन दिवस जॉयस्टिक लोण्यासारखी चालते, मग त्या तेलावर धूळ बसून पूर्वीपेक्षा वाईट होते. 'कॉन्टॅक्ट क्लीनर' असं स्पष्ट लिहिलेला फवारा चालेल.

आधी न उघडता करून बघा. दांडी एका बाजूला झुकवा, बुडाच्या फटीत दोन-तीन थेंब सोडा, गोल गोल फिरवत राहा, मग तासभर वाळू द्या. पावसाळ्यात जास्त वेळ द्या. परत आकडे बघा.

काही दिवसांनी दुखणं परत आलं तर उघडावी लागेल. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या कंट्रोलरला मध्ये भोक असलेला टी८ सिक्युरिटी टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी घासून ठेवू नका. आत दांडीच्या पत्र्याच्या डबीला दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या चिकटलेल्या दिसतील, एक आडव्या अक्षाची, एक उभ्या. ज्या अक्षाचा आकडा नाचत होता तेवढीच उघडा. चांगली चालणारी डबी 'आता उघडलंच आहे तर' म्हणून उघडणाऱ्यांना मी हात जोडतो.

झाकण खाचांत अडकवलेलं असतं, पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक खाच सोडवा. आत छोटी चकती आणि घोड्याच्या नालेसारखी काळी पट्टी. चकती कशी बसली होती त्याचा आधी फोटो काढा. पट्टीवर अल्कोहोलमध्ये भिजवलेला इअर बड हलक्या हाताने फिरवा, काळं निघणं थांबलं की पुरे. सँडपेपर, खोडरबर, पेट्रोल, असले उपाय सुचवणाऱ्यांना पट्टी किती पातळ असते ते माहीत नसतं. चकतीवरची धातूची बोटं केसासारखी असतात, त्यांना फक्त भिजवा. थोडी वाकवली की दाब वाढतो असं सांगणारे भेटतील. दाब वाढतो खरा, पण पट्टीही तेवढीच लवकर खरवडली जाते.

पट्टीवर मध्यभागी फिकट चर दिसला तर सफाई संपली. मॉड्यूल, म्हणजे दांडीसकट ती अख्खी पत्र्याची डबी, बदलायचं. त्याला १४ ठिकाणी सोल्डरचा डाग असतो आणि घरच्या स्वस्त सोल्डरिंग गनने तो काढताना बोर्डावरची तांब्याची टिकली उखडून येते. हे काम स्टेशनजवळच्या हॉट एअर मशीन असलेल्या मोबाईल रिपेअरवाल्याला द्या. मॉड्यूल मात्र स्वतः आणा. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जायचं तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. मिळालं तर हॉल इफेक्टचं घ्या. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे पट्टी झिजायचा प्रश्न नाही. नव्या मॉड्यूलचा मध्य जुन्याशी जुळेलच असं नाही, तेव्हा आकडे परत बघा.

आता कॅलिब्रेशन आणि डेड झोन

आकडे शांत झाले की विझार्ड शेवटपर्यंत चालवा, 'फिनिश' दाबा. एक अडचण आहे. एक्सबॉक्स पद्धतीचे कंट्रोलर ज्या एक्सइनपुट मार्गाने खेळाशी बोलतात, तो मार्ग विंडोजचं हे कॅलिब्रेशन विचारातच घेत नाही. विझार्ड शंभरदा चालवला तरी खेळात फरक पडत नाही तो यामुळे. तिथे डेड झोन लावायचा, खेळाच्या सेटिंगमध्ये किंवा स्टीम या खेळांच्या अ‍ॅपच्या कंट्रोलर विभागात.

मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेला डेड झोन ३२,७६७ पैकी डाव्या दांडीला ७,८४९ आणि उजवीला ८,६८९ आहे, म्हणजे साधारण पाव भाग. एवढा झोन पाळणाऱ्या खेळात ड्रिफ्ट, म्हणजे हे आपोआप सरकणं, दिसतच नाही आणि न पाळणाऱ्या खेळात त्याच कंट्रोलरने पात्र भिंतीत जाऊन धडकतं. तेव्हा 'त्या खेळात तर नीट चालतं' याला काही अर्थ नाही.

किती ठेवायचा हे तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे. १२२ आणि १३४ म्हणजे मध्यापासून ६ चा फरक, १२८ पैकी ६ म्हणजे जेमतेम ५ टक्के. ७ टक्के लावा. धावपळीच्या खेळात १५ पर्यंतही कोणाला जाणवत नाही. विमान उतरवताना मात्र सगळी हालचाल मध्याच्या आसपासच असते, तिथे १० च्या वर गेलात तर धावपट्टीवर नाक सरळ धरणं अवघड होतं. १० च्या आत भागत नसेल तर मॉड्यूल बदला.