शिवडीला गेलात आणि रोहित दिसलेच नाहीत? या चुका टाळा

पहिल्यांदा शिवडीला गेलो तो जानेवारीतला रविवार. आईने डब्यात थालीपीठं दिली होती. हार्बरची गाडी पकडून नऊला बंदरावर पोचलो, तर समोर नुसता काळा चिखल आणि पार टोकाला एक फिकट गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. चहावाला म्हणाला, "पाणी भरायला लागल्यावर यायचं ना!" थालीपीठं खाल्ली आणि परत आलो.

मुंबईत निसर्ग बघणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक: घड्याळ बघून निघणं. रोहित उथळ पाण्याच्या कडेने चरतात. पाणी उतरलं की तेही लांब जातात, आणि भरती पूर्ण झाली की चिखलच बुडतो. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जा. मागच्या रविवारी दहाला छान दिसले म्हणून या रविवारीही दहालाच गेलात तर फसाल. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, आठवड्यात जवळजवळ सहा तास. म्हणजे मागच्या वेळची भरती या वेळी ओहोटी!

मोबाइलवर वेळा मिळतात, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब मला जास्त आवडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. थोडं मागेपुढे होतं, पण बेत ठरवायला पुरतं. हंगाम नोव्हेंबर ते मे. ऐन पावसाळ्यात जाऊन कुरकुर करू नये. आणि फोटोसाठी चिखलात उतरू नका, रुतलात तर पक्षी राहतील बाजूला.

हाजी अलीच्या खडकांवर सगळं उलटं. तिथे खडकांतले समुद्री जीव बघायचे असतात, त्यासाठी ओहोटी हवी, तीही अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची. तेव्हा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला पाणी खूप खाली जातं. इथली चूक दगडांची. लोक दगड उलटतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. खाली वाकून बघा: दगडाच्या ओल्या अंगावर नारिंगी स्पंज असतो, त्याला चिकटलेली जेलीसारखी अंडी, कडेला नखाएवढा खेकडा. दगड उलटाच राहिला तर हे सगळं सुकून मरतं. उचललात तर होता तसाच, त्याच अंगावर अलगद ठेवा. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख मात्र कितीही देखणा असला तरी हातात घ्यायचा नाही. आतला प्राणी जिवंत असला तर विषारी दंश करतो. पाणी चढायला लागलं की मागच्या खळग्यांतून आधी भरतं, तेव्हा परतीच्या वाटेवर लक्ष असू द्या.

बिबट्या बघायला रात्री आरेच्या जंगलात गाडी घेऊन फिरणाऱ्यांबद्दल काय बोलणार? फिरू नका.

शेवटची चूक सोसायटीतली, आणि ती प्रेमापोटी होते. मे-जूनमध्ये जिन्याजवळ बुलबुलाचं पिल्लू दिसतं, कोणीतरी उचलून बुटांच्या खोक्यात ठेवतं, वर दूध पाजतं. पक्ष्यांना दूध नको असतं. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. धोका वाटला तर जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. अंगावर पिसंच नसतील तर घरट्यात परत. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा. नाहीतर मांजर घरात घ्या आणि खिडकीआड थांबा. थोड्या वेळाने चोचीत अळी धरून कोणीतरी तारेवर येऊन बसेल, आणि तुम्ही आत गेल्याशिवाय खाली उतरणार नाही.