लिफ्टशेजारची वारी

लोकांना चालायला लावायचं असेल तर चालण्याचे फायदे सांगत बसू नका. आमच्या सोसायटीत ते सगळ्यांना तोंडपाठ आहेत, तरी पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतात. बँकेतून रिटायर झाल्यावर मी दोन आषाढ्या एक खेळ लावला. तो कसा मांडायचा ते सांगते.

आधी माझी चूक. पहिल्या वर्षी नुसती पावलांची यादी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची ठरवली, टार्गेट दहा हजार. (हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नव्हे. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं.) आठवड्याभरात वरची दोन नावं पक्की झाली, दोघंही मॅरेथॉनवाले. खालचे एकेक करून गप्प. एक चिरंजीव तर फोन झोपाळ्याला बांधून पावलं जमवताना सापडले. यादी तिथेच बंद केली आणि वारी काढली.

आळंदी ते पंढरपूर पालखीमार्ग साधारण २५० किलोमीटर. ड्रॉइंग शीटवर तो रस्ता काढा: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वाखरी. शीट लिफ्टशेजारी लावा, कारण तिथे माणूस नाइलाजाने उभा असतो. प्रत्येक विंगची सहाजणांची एक दिंडी, आणि दिंडीच्या रंगाची एक टिकली. टिकली रोज रात्री पुढे सरकते.

मोजायला फोन नको, चिंचोके घ्या. टेपने आवाराची फेरी मोजा. आमची २५० मीटर भरली, म्हणजे चार चिंचोके एक किलोमीटर. सकाळी प्रत्येकाला पुरचुंडीत बाराच चिंचोके द्यायचे आणि दर फेरीला एक वॉचमनमामांच्या केबिनजवळच्या डब्यात टाकायचा. सगळी गंमत या ‘बाराच’मध्ये आहे. मॅरेथॉनवाला तीन किलोमीटरला संपतो! मग दिंडी पुढे न्यायची तर घरात बसलेल्या काकूंची बेल वाजवण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. सरासरी माणशी दोन किलोमीटर धरा. तीन आठवड्यांत पंढरपूर येतं.

गुडघेवाल्यांना लिंबूटिंबू करा, त्यांना अर्ध्या फेरीला एक चिंचोका. आमच्या एका आजोबांना या शब्दाचा राग आला. त्यांना ‘चोपदार’ म्हटल्यावर खूश झाले.

रोज चालायची सक्ती करू नका. एक दिवस चुकला की माणूस ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देतो. पालखीसुद्धा पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते, आपणही थांबायचं. दिवे घाटात मात्र जिन्याला भाव: तीन मजले चढले की एक चिंचोका. त्या दिवसांत आमची लिफ्ट चक्क रिकामी असायची.

बक्षीस ठेवू नका. मी स्टीलचा डबा ठेवला आणि चिंचोके मुठीने पडायला लागले. त्यापेक्षा जेजुरीला पोचलेल्या दिंडीला भंडारा लावा, शेवटी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी.

पावसाची सोय आधी बघा. आम्ही पार्किंगमधून फेरी आखली, तरी निम्मी उघड्यावरच होती. वाखरीच्या रात्री बी विंग तीन चिंचोक्यांनी मागे. डबा दहाला बंद होतो. पावणेदहाला कळलं की काकूंच्या पुरचुंडीत नेमके तीन शिल्लक आहेत. काकू गाऊनवर रेनकोट चढवून खाली आल्या, बाजूला छत्री धरून तो मॅरेथॉनवाला, आणि खिडक्यांतून सगळी विंग ओरडतेय. शेवटचा चिंचोका डब्यात वाजला तेव्हा दहाला दोन मिनिटं होती.

आता सी विंगला दिवाळीनंतर पुणे-कोल्हापूर हवंय. चिंचोके आहेत, शीट आणायची आहे.